मनगटापासून तीन बोटं

शिरूर
दि. ६ जून १९९९

ती. दादास,
रंभाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रश्मीला सासरी पाठवून तू आणि वहिनी आता रिकाम्या घरात एकमेकांची तोंडं बघत बसला असाल. आम्ही सुखरूप पोचलो. चौफुल्याला तासभर गाडी नव्हती. तेवढ्यात वहिनींनी दिलेला लाडवांचा डबा निम्मा झाला. त्यात माझा हात नाही, तुझ्या मेहुण्यांचा आहे.

लग्न छान झालं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लगेच लिहायला बसले. तू सगळ्यांना पळवत होतास, पण कार्यालयाचा जिना चढताना स्वतः दोनदा थांबलास. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर बघायला आणि एकदा बुटाची लेस बांधायला. दादा, त्या दिवशी तुझ्या पायात चपला होत्या.

पाहुणे पांगल्यावर मी बळेच तुझ्या दंडाला पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा एकशे सत्तर होता आणि खालचा एकशे चार. तू लग्नाच्या दगदगीवर ढकललंस. मी बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. दगदग कोणती आणि दुखणं कोणतं एवढं मला कळतं. वहिनी सांगत होत्या की गेलं वर्षभर तुला धड झोप नाही, जेवताना मध्येच हात थांबतो, आणि विचारलं की तू अंगावर येतोस. त्याचं कारण तू कुणालाच सांगत नाहीस. मी विचारणार नाही. पण डॉक्टरकडे जा. हवं तर रेल्वेच्या जा, हवं तर बाजारातल्या, पण याच आठवड्यात जा.

आणि दुसरं, माझ्याकडे ये. मी आता माणसं टोचत फिरते असं तू मांडवात पाहुण्यांना सांगत होतास, ते मी ऐकलं आहे. दोन वर्षं शनिवार-रविवार पुण्याला जाऊन मी अ‍ॅक्युपंक्चर शिकले ते तुझी करमणूक करायला नव्हे. शिरूरला स्टँडजवळ डॉ. आयेशा तांबोळी यांचा दवाखाना आहे, तिथे मागच्या खोलीत मी बसते. आयेशा तपासते, औषधं देते, आणि ज्यांना उपयोग होईल त्यांना माझ्याकडे पाठवते. रांजणगावच्या कंपन्यांतले शिफ्टवाले येतात, मान आखडलेले, झोप उडालेले. मांडवगण फराट्याहून एक हेडमास्तर येतात, त्यांचं डोकं दर सोमवारी दुखायचं, आता महिन्यातून एखाद्या सोमवारी दुखतं.

सुई केसासारखी बारीक असते, दरवेळी नवी, पाकिटातली. मनगटापासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधोमध एक जागा आहे. छातीतली धडधड आणि घाबरेपणा यासाठी ती पहिली. तुला तिथूनच सुरुवात करीन. तुझ्या पुढच्या रेस्टच्या दिवशी वाट बघते.

वहिनींना जयभीम. मोठ्या भावाचा लोभ आहेच. थोडं ऐकणंही असावं.

तुझी
रंभा

•

दौंड
दि. २० जून १९९९

चि. सौ. रंभास,
चांगदेवचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. लेस आणि चपलांचं वाचून तुझी वहिनी इतकी हसली की शेजारीण बघायला आली. तुला नर्स कशाला केलं कोण जाणे, पोलिसात घालायला हवी होती.

तुझ्या हुकुमाप्रमाणे बाजारातल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यानं कार्डिओग्राम काढला, तो ठीक आहे म्हणाला. एक गोळी सकाळची चालू केली. ती घेतली की दुपारी अंगात सुस्ती येते, पण घेतोय. रेल्वेच्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तुला सांगतो. नोव्हेंबरात माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं मी इंजिनावर आहे. आधी फायरमन, मग असिस्टंट, मग ड्रायव्हर. मेडिकलमध्ये बी.पी. निघालं की मला गाडीवरून उतरवून कुठल्यातरी टेबलामागं बसवतील. मी शाळेत बाकावर नीट बसलो नाही, ते आता बसू? तेव्हा हे आपल्या दोघांत ठेव.

सुयांचं म्हणशील तर लहानपणी कान टोचले तेव्हा मी बापाच्या हाताला चावलो होतो. आबा जाईपर्यंत तो वण दाखवायचे. तरी तुझी वहिनी म्हणते की रंभावन्संकडं गेला न्हाईत तर मी सैपाक करनार न्हाई. उपाशी राहण्यापेक्षा टोचून घेतलेलं बरं. येत्या गुरुवारी रेस्ट आहे. सकाळच्या एस.टी.नं येतो.

मेहुण्यांना जयभीम. आशीर्वाद आहेतच, सुई टोचेपर्यंत तरी.

तुझा
दादा

•

दौंड
दि. २५ ऑगस्ट १९९९

चि. सौ. रंभास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता सहा वेळा तुझ्याकडं येऊन गेलो. हार मानली आहे, हे लेखी देतो. काल दुपारी जेवून आडवा झालो तो थेट साडेपाचला उठलो. तुझी वहिनी तीनदा नाकापुढं हात धरून बघून गेली म्हणे, श्वास चालू आहे का. लॉबीत, म्हणजे आम्ही ड्युटीच्या सह्या करतो तिथं, सगळे विचारतात की चांगदेव, काय खातोस. संपतला, म्हणजे माझ्या असिस्टंटला, मी तुझा पत्ता दिला आहे.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तिसऱ्या खेपेला काय झालं ते तू बघितलंस आणि बघितलं नाही असं केलंस. मनगटांत दोन, गुडघ्यांखाली दोन, पावलांवर दोन आणि भुवयांच्या मध्ये एक अशा सात सुया लावून तू बाहेर गेलीस. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग उजव्या मनगटातलं जडपण खांद्यापर्यंत चढलं आणि एकदम सैल सुटलं. छातीवर वर्षभर कुणीतरी बसलं होतं ते उठलं असं वाटलं. आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात हलवायचे नाहीत असं तू बजावलेलं, त्यामुळं पुसताही येईना. दोन्ही कानांत पाणी गेलं. एवढा मोठा माणूस, पंख्याकडं बघत रडत पडलोय.

तोंडानं सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहितो. गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. दुपारचे सव्वातीन. बोरीबेलच्या बाजूला, सरळ लाइन, भरलेली मालगाडी. लांबून एक माणूस सायकल घेऊन रूळ ओलांडताना दिसला. तिथं फाटक नाही, नुसती पायवाट आहे. सायकलच्या कॅरिअरला घासाचा भारा होता. पुढचं चाक पलीकडं गेलं, मागचं अडकलं. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. ब्रेक लावला. पण भरल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो, ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याला वाटलं असेल, वेळ आहे. तो चाक ओढत होता. सायकल सोडून दोन पावलं मागं सरला असता तरी पुरलं असतं. मी काचेआड ओरडत होतो, सोड, सोड म्हणून. त्यानं एकदा वर माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चाकाशी वाकला. संपतनं डोळे मिटले. मला मिटता येत नव्हते.

चौकशीत ड्रायव्हरची चूक नाही असं लिहून आलं. तो कागद कपाटात आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याच लाइनीवर गाडी घेऊन गेलो. त्या जागेवर आलं की छाती आवळते, ती आवळतेच. तुझ्या वहिनीला एवढंच माहीत आहे की एक अपघात झाला होता. घरात लग्नाची बोलणी चालू होती. कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता लिहिलं. हलकं वाटतंय. गेल्या रविवारी त्या जागेवरून गेलो तेव्हा तू शिकवल्याप्रमाणं मनगट अंगठ्यानं दाबून धरलं, श्वास सावकाश सोडला, आणि छाती आवळली नाही. तुझ्या सुयांत जादू आहे, रंभा.

आमचा सगळा लोभ सध्या तुझ्याच नावावर आहे.

तुझा
दादा

•

शिरूर
दि. १ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. त्या दिवशी मी दारातून आत येत होते, तुला तसं पाहिलं आणि माघारी फिरले. ओट्यापाशी जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आयेशाने विचारलं तर तिला सांगितलं की माझा भाऊ पहिल्यांदाच विश्रांती घेतोय, कुणी आत जाऊ नका.

तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. ते तुला सरकारनंही लिहून दिलंय आणि त्याचा उपयोग झाला नाही. एवढंच लिहिते की हे वर्षभर एकट्यानं उचलायला नको होतं. आबा गेले तेव्हा मी सातवीत होते. माझी फी, माझं हॉस्टेल, माझं लग्न, सगळं तू केलंस आणि कधी जड झालं म्हणाला नाहीस. मलाही थोडं उचलू दे. वहिनींनाही सांग. त्या आपल्या दोघांपेक्षा खंबीर आहेत.

मागच्या गुरुवारी तुझं बी.पी. एकशे छत्तीस आणि श्याऐंशी भरलं. मी आयेशाला आकडा असा दाखवला, जणू परीक्षेत नंबर आलाय. मात्र सकाळची गोळी चुकवू नकोस.

गणपतीत गाड्यांना गर्दी असते, जपून ये. लोभ आहे तसाच राहो, झोपही राहो.

तुझी
रंभा

•

दौंड
ता. १० ऑक्टोबर

रंभावन्संना,
पुतळाबाईचा जयभीम.

पत्र माझ्या हातचं हाय. साक्षरतेच्या वर्गाला गेले तवा तुमचे दादा हसत व्हते, आता बघा कसं कामाला आलं. अक्षर वाकडं हाय, समजून घ्या.

लिवायचं कारन. काल पोलक्याला टीप मारायला शिलाई मशीन काढली. बॉबिन हुडकत व्हते तर खनात गोळ्यांची पाकिटं. तीन. एक बी फोडल्याली न्हाई. बाजारातला डॉक्टर देतो त्याच गोळ्या. मी विचारलं तवा म्हनले, रंभाच्या सुयांनी समदं ब्येस हाय, गोळी कशाला. आन् म्हनले, गोळी घेतली की मेडिकलला कळतं, सुई घेतली ती कुनाला कळत न्हाई. दीड म्हयना झाला म्हंजी गोळी बंद हाय.

आनखी एक. स्टेशनचा पूल चढताना छातीत जळजळ व्हती म्हनत्यात. वर ग्येल्यावर थांबत्यात. गॅस हाय म्हनून ओवा चावत्यात. मी म्हनते गॅस पूल चढतानाच कसा व्हतो? बसल्या जागी का व्हत न्हाई?

सायकलवाल्याचं मला सांगितलं. सांगताना माझा हात धरला व्हता. लई वर्सांनी धरला. ते मी सोसलं. पर ह्या गोळ्यांचं मी सोसनार न्हाई. तुमी नर्स हाव, तुमीच काय ते लिवा. माझं नाव सांगितलं तरी चालंल. मी त्यास्नी भीत न्हाई.

सर्वांवर माया ठेवा, आन् ह्यांच्यावर जरा जरब ठेवा.

तुमची वहिनी
पुतळाबाई

•

शिरूर
दि. १३ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,
जयभीम.

वहिनींचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी नाव उघड करायला स्वतःच सांगितलंय.

आजपासून मी तुला सुया लावणार नाही. गुरुवारी आलास तर चहा मिळेल, जेवण मिळेल, मागच्या खोलीचं दार उघडणार नाही.

नीट वाच. सुयांनी तुझी धडधड कमी झाली, झोप आली, मनावरचा ताण उतरला, त्यामुळं रक्तदाबालाही थोडी मदत झाली असेल. हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत काही साठलं असेल तर ते माझी सुई काढत नाही. कुणाचीच सुई काढत नाही. हे मला शिकवणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. आणि तू जी गोळी बंद केलीस ती एकदम थांबवायची नसते. थांबवली की हृदय आधीपेक्षा जोरानं धावतं. चढताना जळजळ, थांबल्यावर बरं, हा गॅस नाही. वहिनींना जे कळलं ते तुला कळू नये?

बाजारातल्या डॉक्टरकडे आजच जा आणि गोळ्यांचं खरं सांग. मग रेल्वेच्या डॉक्टरकडे जा आणि सगळं सांग. पूल, जळजळ, बी.पी., सगळं. तू फक्त स्वतःला लपवत नाहीस, दादा. तुझ्या मागं भरलेले डबे असतात आणि पुढं फाटकं, पायवाटा, स्टेशनं. गाडी चालवताना तुला काही झालं तर पुढं कोण उभं असेल, हे माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तीन आठवड्यांत तू गेला नाहीस तर मी स्वतः दौंडला येऊन रेल्वेच्या डॉक्टरपुढं बसेन.

रागावलास तरी बहीणच राहीन.

रंभा

•

दौंड
दि. १८ ऑक्टोबर १९९९

सौ. रंभास,

पत्र पोचलं. मी तुला शिकवलं ते मलाच शिकवायला, हे आज समजलं. शेवटचं जे लिहिलंस ते लिहायला नको होतं. विश्वासानं सांगितलेली गोष्ट अशी अंगावर फेकायची नसते.

मेडिकल नोव्हेंबरच्या बारा तारखेला आहे. त्याआधी मी कुणाकडं जाणार नाही आणि कुणी इकडं येऊ नये. तब्येत उत्तम आहे.

चांगदेव

•

मुंबई, रेल्वेचं हॉस्पिटल
दि. २१ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. रंभास,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तू परवा येऊन गेलीस तेव्हा खाटेभोवती इतकी माणसं होती की आपलं बोलणं झालंच नाही. तू नुसती नाडी बघत बसलीस. आता डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली आहे, म्हणून पहिलं पत्र तुला.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याला पत्र म्हणत नाहीत. ते पोस्टात टाकून घरी आलो आणि तुझी वहिनी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आठ वर्षांपूर्वीपर्यंत मी दारू पीत होतो तेव्हाही ती इतकी गप्प नव्हती.

दोन तारखेची गोष्ट तुला फोनवर तुटकच कळली असेल. सकाळी आठची गाडी होती, माल भरलेला, सोलापूरकडं. पूल चढलो. वर गेल्यावर छाती आवळली, या खेपेला खालचा जबडाही दुखायला लागला, डावा. पायरीवर बसलो. चार-पाच मिनिटांत गेलं. उठलो, लॉबीत आलो. सगळे नेहमीसारखे. संपतनं कागद आणून ठेवले. क्लार्कनं रजिस्टर पुढं सरकवलं. सही करायची, की गाडी माझी. सत्तावीस वर्षं मी ती सही बोलता बोलता केली आहे.

पेन हातात घेतलं आणि मला तो सायकलवाला दिसला. पण या वेळी वेगळा दिसला. वर्षभर मला वाटायचं की एवढं साधं कसं कळलं नाही त्याला, सायकल काय, दुसरी मिळाली असती. त्या दिवशी लॉबीत उभा राहून कळलं की त्याला ती सोडता येत नव्हती. मलाही इंजिन सोडता येत नव्हतं. आणि तू पत्रात लिहिलेलं, पुढं कोण उभं असेल, ते वाक्य मी पंधरा दिवस शिव्या देत पाठ केलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. क्लार्कला सांगितलं की मी आज गाडी घेत नाही, माझ्या छातीत दुखतंय, दोन महिने दुखतंय, आणि मी ते लपवलंय. लॉबीत माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. संपतनं खुर्ची दिली आणि रेल्वे दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. माझी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. चाळीस मिनिटं लेट सुटली. माझ्यामुळं लेट सुटलेली माझ्या नोकरीतली ती पहिली गाडी.

पुढचं तुला माहीत आहे. आधी सोलापूर, मग इथं. एक वाहिनी जवळजवळ बंद होती, त्यात फुगा घालून ती उघडली आणि स्प्रिंग बसवली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आठवडाभर उशीर झाला असता तर मी त्यांच्यापर्यंत पोचलो नसतो. मग त्यांनी विचारलं की दाखवायला तुम्हाला कोणी पाठवलं. मी सांगितलं, बायकोनं आणि बहिणीनं. त्यांनी गोळ्या का सोडल्या हे विचारलं तेही खरं सांगितलं. सुयांवर ते हसले नाहीत. ताण आणि झोप यासाठी घ्या, पण गोळ्यांबरोबर, गोळ्यांच्या जागी नाही, असं म्हणाले. हे तू दीड पानात लिहिलं होतंस, त्यांनी एका ओळीत संपवलं. शिकण्यासारखं आहे.

इंजिनावर आता जाता येणार नाही. तो कागद येईल. आज तरी त्याचं फार वाईट वाटत नाही, उद्याचं माहीत नाही.

माझ्या त्या तुटक चार ओळी फाडून टाक. बहिणीवरचा राग भावाला परवडत नाही.

तुझा
दादा

•

शिरूर
दि. ९ जानेवारी २०००

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या त्या चार ओळी मी फाडल्या नाहीत. तू पुन्हा ऐकेनासा झालास की दाखवायला ठेवल्यात.

वहिनींचं पत्र आलं. तू सकाळ-संध्याकाळ मैदानाला फेऱ्या मारतोस, मीठ कमी झालं म्हणून कुरकुरतोस आणि गोळ्यांचा डबा स्वतः भरतोस, हे कळलं. लॉबीत तुला क्रू बुकिंगला, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावायला, बसवल्याचंही कळलं. पहिल्या दिवशी तू खुर्चीवर न बसता सगळी ड्युटी उभ्यानं केलीस म्हणे.

आता माझं सांगते. तुझ्याकडून गोळ्या सुटल्या यात माझाही वाटा आहे. ऑगस्टमध्ये तू माझ्या सुयांत जादू आहे असं लिहिलंस, ते पत्र मी आयेशाला वाचून दाखवलं, तुझ्या मेहुण्यांना दाखवलं, आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून इंजेक्शनं दिली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या हाताला गुण आहे म्हणत होतं, आणि तेही माझा दादा. त्या आनंदात मी एकाच ओळीत गोळी चुकवू नकोस म्हटलं आणि पुढं विचारलंच नाही. सिस्टर म्हणून मी गोळ्यांचं पाकीट बघायला मागितलं असतं. बहीण म्हणून मी फक्त कौतुक ऐकलं.

हे मी आयेशाकडे बोलले. ती तशी कमी बोलते. तिनं दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की सुया घ्यायला येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणावीत, नाहीतर परत पाठवलं जाईल. पहिल्याच आठवड्यात पाच जण परत गेले. त्यातले चार पाकिटं घेऊन आले. पाचवा रागावून गेला, तो अजून यायचा आहे. मी त्याच्या घरी निरोप पाठवलाय.

मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी आयेशानं वाचली. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यामुळं सुया कमी लावायच्या आणि उथळ. चार पुरेत. तुला पुन्हा सुरू करायला तिची हरकत नाही. मलाही नाही. दार उघडं आहे. येत्या गुरुवारी वहिनींनाही घेऊन ये, त्यांच्या गुडघ्यांकडे कुणी बघतच नाही.

तुझी प्रकृती आणि माझं शहाणपण, दोन्ही असंच वाढत राहो.

तुझी
रंभा

•

(हातपोच)
शिरूर, तुझ्या दवाखान्याबाहेर
दि. १७ ऑगस्ट २०००, दुपारी सव्वादोन

चि. सौ. रंभास,
आशीर्वाद.

ही चिठ्ठी घेऊन आत येणारा मच्छिंद्र आमच्या डेपोचा ड्रायव्हर आहे. वय चौतीस. सोबत त्याची बायको ताईबाई आहे. तिला आत बसू दे, ती घाबरली आहे पण रडणारी नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या गाडीपुढं एक बाई आली. त्यानं रजा घेतली नाही. परवा सकाळी लॉबीत माझ्यापुढं सही करायला उभा राहिला तेव्हा पेन धरलेल्या हाताकडं माझं लक्ष गेलं. मी रजिस्टर ओढून घेतलं आणि दुसऱ्याला बुक केलं. तो माझ्यावर ओरडला. सगळ्यांसमोर म्हणाला की स्वतः गाडीवरून उतरलेल्या माणसानं दुसऱ्याला उतरवू नये. मी ऐकून घेतलं. त्याचं खरंही होतं. मग त्याच्या घरी गेलो आणि दोन तास बसलो. निघताना त्यानं विचारलं की गुरुवारी मी कुठं जातो.

काल त्याला रेल्वेच्या डॉक्टरांकडं नेलं. बी.पी. एकशे साठ आणि शंभर. त्यांनी पंधरा दिवस सिक, म्हणजे आजारी रजेवर, घातलं आहे आणि गोळी चालू केली आहे. पाकीट ताईबाईच्या पिशवीत आहे, पाटी वाचायच्या आधीच मी ठेवायला लावलं. कार्डिओग्रामचा कागदही आहे. आधी आयेशाबाईंना दाखव.

त्याला काही विचारू नकोस. बोलला तर ऐक. डोळ्यांतून पाणी आलं तर तो पुसायला हात हलवेल, मग सुई दुखेल, म्हणून आधीच कपाळाजवळ एक रुमाल ठेव आणि पुसायचं काम ताईबाईला सांग.

माझा नंबर आज नाही घेतलास तरी चालेल. मी बाहेर बाकावर बसलोय, ऊन बरं आहे. चारची दौंड गाडी चुकली तर आम्ही साडेसहाच्या गाडीनं जाऊ. त्याला निवांत पडू दे.

तुझा
दादा